वागळे इस्टेटचा ईपीएबीएक्स, भाग ३ : दोन शून्यांचा घोळ

मामांच्या गाळ्याला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे सगळी तोडफोड शुक्रवारीच. मागच्या खेपेला जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं फोन एक्स्चेंज) बदलून रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर चढवलं, आठ एक्स्टेंशन (आतले फोन) वाजती केली होती आणि बाहेरच्या तांब्याच्या दोन लाइनी गेटवेला, म्हणजे त्या पायशी जोडणाऱ्या डब्याला, जोडल्या होत्या. या खेपेचं काम: कोणी कुठवर फोन लावायचा.

मामांची तक्रार बिलाची नाहीच. "अरे, दोनच लाइनी. एक गोदामातली पोरं धरून बसतात, दुसरीवर अकाउंट्सवाले काका. पार्टीला एंगेज लागतो." म्हणून गोदामाला फक्त आतल्याआत, रिसेप्शनला लोकल आणि मोबाइल, काकांना त्यावर एसटीडी आणि आयएसडी फक्त मामांच्या केबिनला. वाशी-तुर्भे ०२२ मध्येच, पण कागदाचे रोल भिवंडीहून येतात, तिथे ०२५२२ लागतो, म्हणून काकांना एसटीडी.

जुन्या ईपीएबीएक्समुळे बाहेरच्या लाइनसाठी सगळ्यांच्या बोटांत "आधी झिरो, मग नंबर" मुरलेलं. ॲस्टेरिस्कला त्या झिरोची गरज नाही, अख्खा नंबर हातात आल्यावरच तो लाइन धरतो. पण काकांशी वाद घालण्यापेक्षा झिरो ठेवला. आयएसडी बंद करायला "००ने सुरू होणारं काहीही अडव" असा नियम लिहिला आणि टपरीवर चहाला गेलो. परत येऊन रिसेप्शनवरून स्वतःचाच मोबाइल लावला, तर माझाच रेकॉर्ड केलेला आवाज: "ही सुविधा उपलब्ध नाही."

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. म्हणजे एक शून्य लाइनचा, एक मोबाइलचा, आणि पुढे माझा ९८ने सुरू होणारा नंबर. इराणचा कोडही ९८च! माझ्या नियमाच्या हिशेबाने मी तेहरानला फोन लावत होतो. उपाय सोपा: आधी पहिला शून्य छाटायचा (ॲस्टेरिस्कच्या भाषेत एक्सटेन कोलन एक), उरलेला नंबर बाहेरच्या कॉन्टेक्स्टला, म्हणजे नियमांच्या गटाला, द्यायचा आणि ००ची तपासणी तिथे करायची.

दुसरा घोळ जास्त गंभीर. गोदामाच्या कॉन्टेक्स्टमध्ये मी "अंडरस्कोर एक्स टिंब", म्हणजे उरलेलं सगळं अडव, अशी ओळ टाकली आणि ११२चा (आणीबाणीच्या नंबराचा) नियम वेगळ्या कॉन्टेक्स्टमधून इन्क्लूड केला, म्हणजे जोडून घेतला. वाटलं, नेमका नियम आधी जुळेल. पण नेमकेपणाचा न्याय एकाच कॉन्टेक्स्टच्या आत चालतो. घरच्या कॉन्टेक्स्टमध्ये काहीही जुळलं की ॲस्टेरिस्क पाहुण्यांकडे, म्हणजे इन्क्लूडकडे, ढुंकूनही बघत नाही. म्हणजे गोदामात कोणाचा हात यंत्रात गेला असता, तरी ११२ लागला नसता. आता अडवणारी ओळ स्वतंत्र कॉन्टेक्स्टमध्ये काढून सगळ्यांत शेवटी इन्क्लूड केली आहे आणि ११२ झिरोसकट आणि झिरोशिवाय, दोन्ही तऱ्हांनी घेतला आहे. हे तपासायला कृपा करून खरा ११२ लावू नका. कन्सोलवर "डायलप्लॅन शो" लिहून पुढे ११२, ॲटचं चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचं नाव दिलं की कोणता नियम आधी लागतो ते दिसतं.

पूर्वी चकतीच्या फोनच्या भोकात छोटं कुलूप घालायचे, आठवतं? आणि पोरं क्रेडल टिकटिक दाबून नंबर लावायची, कारण एक्स्चेंजला चकती नाही, नुसत्या पल्स कळायच्या. तसलीच फट माझ्या आयव्हीआरमध्ये, म्हणजे बाहेरून फोन आल्यावर "अमुक दाबा" सांगणाऱ्या रेकॉर्डेड मेसेजमध्ये, निघाली. "एक्स्टेंशन माहीत असल्यास दाबा" या कॉन्टेक्स्टमध्ये आळसाने बाहेरचे नियमही इन्क्लूड केले होते. स्वतःच्या मोबाइलवरून आत आलो, मेसेज चालू असतानाच पुढचा नंबर दाबला, आणि मामांच्या दुसऱ्या लाइनवरून घरी फोन वाजला. बायकोने उचलला. त्या इन्क्लूडला लगेच कात्री लावली.

येणाऱ्या कॉलचं रूटिंग पटकन झालं: रिसेप्शन २० सेकंद, मग काका. साडेनऊ ते साडेसहाबाहेर आणि शुक्रवारी "ऑफिस बंद आहे" हा मेसेज.

शनिवारी अकराला मामांचा मोबाइलवर फोन: "अरे, आज आपण उघडे आहोत की बंद?" पायचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं, त्याच्या लेखी पहाटेचे साडेपाच वाजले होते.