सत्तर टक्क्यांचा माग

परदेशी प्रकाशकांच्या शास्त्रीय ग्रंथांची संपादनापासून अक्षरजुळणीपर्यंतची बरीच कामे हल्ली पुणे आणि चेन्नईसारख्या शहरांत होतात, आणि मी पुण्यात अशाच एका कंपनीसाठी कॉपीएडिटिंग करते. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील धर्म आणि सामाजिक विकास यांवरचा एक लेखसंग्रह मध्यंतरी माझ्याकडे आला होता. त्यातील एका प्रकरणातल्या एका वाक्यावर माझा अख्खा दिवस गेला.

प्रकरण लेसोथोच्या डोंगराळ भागातील चर्चच्या दवाखान्यांविषयी होते. लेखिका त्याच देशात शिकवतात, आणि गावोगाव हिंडून, घरोघरी विचारपूस करून त्यांनी जमवलेली माहिती नीटस मांडलेली होती. दुसऱ्या परिच्छेदात मात्र एक वाक्य होते: आफ्रिकेतील ७० टक्के आरोग्यसेवा धार्मिक संस्था पुरवतात. आधार म्हणून एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या माहितीपत्रकाचा उल्लेख होता. संदर्भ तपासणे म्हणजे आमच्या धंद्यात नाव, वर्ष आणि पृष्ठांक जुळवणे. मजकूर खरा की खोटा हे पाहण्याचे पैसे आम्हाला कोणी देत नाही. पण त्या माहितीपत्रकाची लिंक बंद पडलेली होती, म्हणून मी त्याची दुसरी प्रत शोधू लागले.

प्रत सापडली, तिथे तोच आकडा होता, आणि त्याखाली आणखी एका अहवालाचे नाव होते. त्या अहवालाने तिसऱ्याचा हवाला दिला होता. दुपारपर्यंत मी जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासापर्यंत पोहोचले. ‘आफ्रिकन रिलिजस हेल्थ असेट्स प्रोग्रॅम’ या संशोधकगटाने तो झांबिया आणि लेसोथो या दोनच देशांत केला होता. तो प्रसिद्ध करताना संघटनेने काढलेल्या निवेदनात आफ्रिकेतील ३० ते ७० टक्के आरोग्यसुविधांची मालकी धार्मिक संस्थांकडे असल्याचा अंदाज दिलेला होता. म्हणजे वरच्या टोकाचा आकडा तेवढा उचलला गेला होता, आणि इमारती नि खाटांचा हिशेब वाटेत कुठेतरी रुग्णसेवेचा हिशेब होऊन बसला होता. त्याच निवेदनात लेसोथोपुरते अधिक नेमके विधान होते, की तेथील एचआयव्हीवरील उपचारसेवेपैकी सुमारे ४० टक्के ख्रिस्ती रुग्णालये व आरोग्यकेंद्रे देतात. ते मात्र पुढे कोणी उचलले नाही.

हा माग आधीच काढलेला आहे, हेही मला त्याच दुपारी कळले. जिल ऑलिव्हिए आणि क्वेन्टिन वॉडन यांनी २०१२ मध्ये एका शोधनिबंधात या आकड्यांची पाळेमुळे खणली होती. लोक आजारपणात प्रत्यक्ष कुठे जातात हे घरोघरच्या सर्वेक्षणांतून पाहिले, तर बऱ्याच देशांत धार्मिक संस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. फरक पडतो तो मोजणीत कोणाला धरले यामुळे. मिशनची रुग्णालये फक्त सरकारी रुग्णालयांशी ताडून पाहिली की वाटा फुगतो. खाजगी दवाखाने, औषधाची दुकाने आणि पारंपरिक वैदू हिशेबात आले की तो आक्रसतो. मिरजेत १८९४ मध्ये सुरू झालेल्या वानलेस या मिशन रुग्णालयाच्या खाटा मोजून सांगली जिल्ह्याच्या आरोग्यसेवेविषयी बोलायचे, की घरोघर जाऊन गेल्या महिन्यात तापाला औषध कोणाकडून घेतले हे विचारायचे? दोन्ही उत्तरे खरी असतील, पण ती एकमेकांच्या जागी चालणार नाहीत. शिवाय माली किंवा नायजर येथे मिशन रुग्णालयांचे जाळे विरळच आहे, त्यामुळे झांबिया किंवा मलावी पाहून अख्ख्या खंडाविषयी बोलणे तसेही धोक्याचे.

यातून मिशनच्या दवाखान्यांना कमी लेखावे असे मुळीच नाही. जिथे घोड्यावरून पोहोचावे लागते अशा वस्तीत एकच आरोग्यकेंद्र असेल आणि ते चर्चचे असेल, तर त्या वस्तीपुरता वाटा शंभर टक्के आहे. खंडाची सरासरी तिथे कोणाच्या उपयोगाची?

मी लेखिकेला सविस्तर शंका लिहून पाठवली. प्रश्नपत्रांना उत्तर यायला सहसा आठवडा जातो, त्यांचे उत्तर तासाभरात आले. ते वाक्य त्यांचे नव्हतेच. मूळ मसुद्यात फक्त लेसोथोची आकडेवारी होती. एका समीक्षकाने ‘व्यापक आफ्रिकी संदर्भ’ द्या असा आग्रह धरला, आणि लेख स्वीकारला जावा म्हणून त्यांनी सर्वत्र छापला जाणारा आकडा घातला. त्यासाठी जागा करताना त्यांचे स्वतःचे घरोघरचे सर्वेक्षण तळटीपेत गेले होते. मला हे वाचून संताप आला. ज्या बाईंनी डोंगर चढून माणसांना विचारले, त्यांच्याकडून परदेशात बसलेल्या समीक्षकाने माहितीपत्रकातली टक्केवारी मागून घेतली होती.

ग्रंथाच्या संपादकांचे म्हणणे पडले, की आकडा सर्वमान्य आहे आणि या टप्प्यावर मजकूर हलवू नये. मी २०१२ च्या निबंधाची प्रत जोडून पुन्हा लिहिले, लेखिकेनेही लिहिले, आणि संध्याकाळी होकार आला. वाक्य गेले, तळटीप वर आली. नव्या परिच्छेदाने पाने सरकू नयेत म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्या सहकाऱ्याने एका तक्त्याची उंची कमी करून दिली, तीही कुरकुर न करता, हे आमच्या कचेरीत नवलच.

निघण्यापूर्वी मी सहज प्रकाशकाचा कॅटलॉग उघडला. पुस्तकाचा परिचय-मजकूर छपाईच्या कितीतरी आधी विक्रेत्यांकडे जातो, तसा तो गेला होता, आणि त्याची सुरुवातच त्या ७० टक्क्यांनी होत होती. पुस्तकाची किंमत अशी, की लेखिकेच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयालाही ते घेणे जड जावे. परिचय मात्र कोणालाही फुकट वाचता येतो. विपणन विभागाला मी त्याच रात्री कळवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की नोंद घेतली आहे आणि पेपरबॅक आवृत्ती निघाल्यास मजकुराचा पुनर्विचार केला जाईल.