एक्सेलमधला 'कुठून' कॉलम

"मामा, ॲडमिशनचं नंतर बघू, आधी फॉर्म कुठून भरायचा तेवढं सांग." भाचीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

जर्मनीत मास्टर्स करायचंय तिला. एक्सेल शीटमध्ये 'कुठून' असा वेगळा कॉलमच केलाय. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच युनिव्हर्सिटीला थेट त्यांच्या पोर्टलवर. काही युनिव्हर्सिट्या युनि-असिस्टमार्फत (परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून युनिव्हर्सिटीकडे पाठवणारी संस्था), पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाला 30. आणि टीयू म्युनिकला दोन्ही, म्हणजे आधी युनि-असिस्टकडून व्हीपीडी नावाचं सर्टिफिकेट घ्यायचं, त्यात आपले मार्क जर्मन ग्रेडमध्ये येतात, आणि मग अर्ज परत म्युनिकच्याच पोर्टलवर! एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली इथली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, त्याआधीचं, ते वेगळंच.

कन्सल्टंट म्हणे, "कशाला एवढं डोकं लावता, प्रायव्हेट घ्या, एकच फॉर्म." सरकारी युनिव्हर्सिट्यांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते (म्युनिक आता घेतं म्हणा) हे मात्र त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

पोरांची निम्मी ताकद या एका कॉलममध्ये जाते आणि नेमकं तिथेच कोणीतरी दुकान मांडून बसलेलं असतं.

असो. व्हीपीडी हातात यायला तुमच्यापैकी कोणाला किती आठवडे लागले?