चॅनेल बंद करताना

आज बेळगावच्या शहापुरात केबलच्या काउंटरवर एक काकू पावती पुढे करून सांगत होत्या, "हे एक बातम्यांचं चॅनेल काढून टाक बाळा." काढायला हरकत नाही, पण ते बुकेत, म्हणजे चॅनेलच्या एकत्र पॅकमध्ये, आलं असेल तर एकटं निघत नाही. पूर्ण बुके सोडून बाकीची चॅनेल सुटी घ्यावी लागतात, आणि बऱ्याचदा बिल वाढतं. आपल्याकडे कन्नड नि मराठी दोन्ही बुके असतात, त्यामुळे आधी हिशोब करा. सुट्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा.

ओटीटीचं वेगळं. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी थांबत नाही! यूपीआयमधला ऑटोपे रद्द करा, प्ले स्टोअरवरून घेतली असेल तर तिथून, तेही पुढच्या कपातीआधी.

नाराजीने चॅनेल किंवा वर्गणी सोडणं हा बहिष्कारच, आणि त्याला वजन असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एफसीसीच्या (प्रसारणाचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला आणि डिस्नेच्या मालकीच्या एबीसी नेटवर्कने विनोदी कलाकार जिमी किमेलचा रात्रीचा शो थांबवला. तिथे परवाने नेटवर्कला नाही, एकेका स्टेशनला मिळतात, म्हणून स्टेशनमालक आधी घाबरतात. लोकांनी डिस्नेची वर्गणी सोडायला सुरुवात केली, आणि आठवड्याच्या आत शो परत आला. निव्वळ वर्गणीमुळेच आला असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे मात्र नस दिल्लीत आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षा मंजुरी नाकारून 'मीडियावन' हे मल्याळम बातम्यांचं चॅनेल बंद पाडलं, आणि कारणं फक्त कोर्टाला, सीलबंद लिफाफ्यात दिली. ५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. तिथे प्रेक्षकाची वर्गणी नाही, कोर्टच कामी आलं.