तुम्ही विचारलंत म्हणून: ती सही का करते?

माझी ‘फेरतपासणी’ ही कथा दिवाळी अंकात आल्यापासून फोनवर, लग्नकार्यात, बसस्टँडवर सुद्धा मला एकच विचारलं जातंय: कुठली आई अशी सही करेल? ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुढच्या काळात आईबाप व्हायला परवाना लागतो, दरवर्षी घराची तपासणी होते, गुण मिळतात, आणि कमी पडले की मूल सरकारी संगोपनगृहात जातं. माझी नायिका नापास झालेली नाही, काठावर आहे. तरी ती मूल तिकडे द्यायच्या संमतीपत्रावर सही करते. कथा तिथे संपते.

एका बाईंनी लिहिलं, ‘लेखिकेला स्वतःला मूल नसणार.’ मला मुलगी आहे. हे सांगावं लागतंय याचाच मला संताप येतो. मला मूल नसतं तर कथा खोटी ठरली असती का?

काहींना परवाना पटला नाही. सरकार इतकं घरात शिरत नाही म्हणे. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच. राज्य सरकारच्या नोकरीला छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र २००५ पासून लागतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तिसरं मूल आड येतं हे तर आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. परवाना मी हवेतून आणलेला नाही.

सहीसुद्धा नाही.

मी बीड जिल्ह्यातली. आईदादांचा कोयता होता, म्हणजे ऊसतोडीला नवराबायको मिळून एक जोडी. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी यायची आणि टोळी कोल्हापूर-सांगलीकडे निघायची ती उन्हाळा लागल्यावर परत. आधी मीही जायचे. पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, आई अंधारात उसाच्या फडावर गेली की चूल पेटवायची. मी चौथीत गेले त्या वर्षी शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं. मुलांनी गावातच राहायचं, जेवण शाळेत, झोपायला आजीकडे. त्यासाठी आईबापाची संमती हवी होती.

आई गुरुजींच्या टेबलापाशी उभी राहिली. खुर्ची होती, ती बसली नाही. गुरुजींनी कागद वाचून दाखवला आणि विचारलं, “मनापासून ठेवताय ना पोरीला?” आई म्हणाली, “उचल घेतलीय गुरुजी. न जाऊन कसं भागंल?” उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, ते ऊस तोडून फेडायचे. हे गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तेव्हाही मला ते कळलं. मग तिने अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. पहिला ठसा फिसकटला, गुरुजींनी दुसरा घ्यायला लावला. कोयता धरून धरून तिच्या अंगठ्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या, त्यामुळे तोही धड उमटला नाही. गुरुजी म्हणाले, चालतंय. तिने अंगठा पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता वहीच्या पैशांचं विचारलं.

धाकटा अंगावर पीत होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मी राहिले. गाडी निघाली तेव्हा मी ओरडले नाही, रडले नाही, पण मनात तेच होतं जे आज तुम्ही मला विचारता: कुठली आई असं करते?

तिने मला शाळेसाठी ठेवलं, की आजीला पाणी भरायला कुणीतरी हवं होतं म्हणून, की फडावर एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून? मी मोठी झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, “शिकलीस ना?” यावर पुढे बोलायला जागाच ठेवली नाही तिने. ती शाळा नसती तर मी आज हे लिहीत नसते, हे खरं. त्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा ती तिथे नव्हती, हेही तितकंच खरं. एकाने दुसरं खोडलं जात नाही.

कथेच्या पहिल्या खर्ड्यात नायिका मुलाला घेऊन पळून जाते. तो शेवट तुम्हाला नक्की आवडला असता. मीच तो महिनोन् महिने जपला. पण वाचताना ती आई मला ओळखीची वाटेना. पळून जाणाऱ्या आया असतीलही. मी ज्या पाहिल्या त्या अंगठा देऊन कामावर गेल्या, आणि म्हणून त्यांची माया कमी होती असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

एक पत्र मात्र मला सोडत नाही. लिहिणारा मुलगाही ऊसतोडीच्या घरातला. त्याने विचारलं, “ताई, तुमच्या कथेत मुकादम कुठंय?” त्याचं म्हणणं असं, की उचल काढून टाकली की सही आईच्या मर्जीची दिसते आणि सरकार सुटतं. उचल मी जाणूनबुजून वगळली होती. कर्ज दिसलं की वाचक ‘बिचारी’ म्हणून मोकळा होतो, आणि ती बिचारी ठरू नये असं मला वाटत होतं. पण माझ्या आईने उचल घेतली होती आणि गुरुजींना तिने तेवढं एकच सांगितलं होतं.

त्या मुलाला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. कथासंग्रहासाठी शेवट बदला असा आग्रह आहे, तो मी मान्य करणार नाही. सही राहील. मुकादम आणायचा की नाही, हे मात्र ठरत नाही.