कोणता भाग, कितव्या मिनिटापासून

"डोक्याला खाद्य देणारं एखादं पॉडकास्ट सांग ना," असं कुणी म्हणायचा अवकाश, सांगणाऱ्याच्या अंगात येतं. व्हॉट्सॲपवर एकामागून एक लिंका येऊन पडतात, खाली 'मस्ट लिसन' आणि जोडलेले दोन हात. विचारणारा पहिली लिंक उघडतो, २ तास ५२ मिनिटं हा आकडा बघतो आणि आभाराचा अंगठा पाठवून मोकळा होतो.

पॉडकास्ट सुचवणं हे स्थळ सुचवण्याच्या जातीचं काम आहे. नुसतं 'घराणं उत्तम' म्हणून भागत नाही, माणूस कोणता ते सांगावं लागतं. 'इन अवर टाइम' ऐक, हे वाक्य तसं खरं आणि तसंच निरुपयोगी. बीबीसी रेडिओ ४ वर ऑक्टोबर १९९८ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमाचे हजाराहून जास्त भाग आहेत, आणि ॲप उघडल्यावर सगळ्यात वर नेमका कुठल्यातरी मध्ययुगीन युरोपीय राजाचा भाग असू शकतो. त्यापेक्षा 'त्यातला शून्यावरचा भाग ऐक' म्हणावं. गणिताचा शिक्षक असेल तर शून्य, संस्कृतची आवड असेल तर उपनिषदांचा किंवा भगवद्गीतेचा, बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्याला प्रकाशसंश्लेषणाचा. साचा ठरलेला: एक सूत्रधार, विषयातले तीन अभ्यासक, साधारण पाऊण तास. मेल्विन ब्रॅग यांनी २०२५ पर्यंत हे सूत्र सांभाळलं, आणि पाल्हाळ लावणाऱ्या प्राध्यापकाला मध्येच तोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. रेडिओवरचा कार्यक्रम संपल्यावरही पॉडकास्टमध्ये काही मिनिटं पुढे चालतात. 'काय सांगायचं राहून गेलं?' एवढं विचारलं की मंडळी एकदम मोकळी होतात, आपापसांतले मतभेद बाहेर येतात, आणि शेवटी निर्माता चहा की कॉफी विचारत आत येतो. ही शेवटची मिनिटं सोडू नको, हे सुचवतानाच सांगून ठेवावं.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याच्या हातांचा. ऐकताना हात काय करत असणार? पोळ्या लाटताना पाऊण तास सहज निघतो, पण फोनला हात लावता येत नाही. म्हणजे मध्येच पुढे ढकलावं लागणारा, जाहिरातींनी भरलेला भाग तिथं चालत नाही. भांडी घासताना नळाचा आवाज हळू बोलणाऱ्यांना गिळून टाकतो. लोकलमध्ये 'रेडिओलॅब' कुणाला देऊ नये. विज्ञानावरचा हा अमेरिकन कार्यक्रम आवाजांच्या विणीसाठीच नावाजलेला आहे. एकावर एक चढवलेली वाक्यं, मध्येच संगीत, अर्धवट तोडलेले शब्द. शांत खोलीत हेडफोन लावून ऐकलं तर कमाल, दादर ते ठाणे उभ्यानं ऐकलं तर नुसता गोंधळ. लोकलसाठी दोन माणसांच्या सरळ गप्पा बऱ्या. 'फिलॉसॉफी बाइट्स' हे त्यासाठी नेमकं आहे: २००७ पासून चालू, एक तत्त्वज्ञ, एक प्रश्न, पंधरा-वीस मिनिटं.

लांब पल्ल्याचा प्रवास असेल तर अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन'. २०१७ साली सुरू झालं तेव्हा त्याचे भाग छोटे होते, पुढे ते तीन-तीन, चार-चार तासांवर गेले. पहिल्या तास-दीड तासात बहुतेकदा पाहुण्याचं बालपण, घर, वाचन हेच चालतं. ज्यांना माणसांत रस आहे त्यांना तोच भाग जास्त आवडतो. पण शेतीच्या बाजारपेठेबद्दल ऐकायचं म्हणून बसलेला माणूस पाहुण्याची तिसरी शाळा आली की कंटाळतो. अशा वेळी मूळ विषय जिथं सुरू होतो ते मिनिट कळवणं हीच खरी मदत. स्पॉटिफायवर भाग थांबवून शेअर करताना चालू मिनिटापासूनची लिंक पाठवता येते. यूट्यूबची लिंक संगणकावरून घेताना 'स्टार्ट ॲट'ची चौकट टिचकवली की तेच होतं. एवढ्या एका टिचकीनं ऐकलं जाण्याची शक्यता किती वाढते ते करूनच पाहावं.

सोबतचा मजकूर तीन-चार ओळींचा पुरतो. भागाचं नाव, लांबी, भाषा कितपत सोपी, आणि एक प्रश्न. उदाहरणार्थ: "अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स, क्रमांक ३२, अशोकस्तंभ. १५ मिनिटं. इंग्रजी सावकाश, स्वच्छ. राजाला प्रजेशी बोलायचं तर त्यानं दगडच का निवडला असेल?" उत्तर लिहायचं नाही. 'यात सांगितलंय की...' असं लिहिलं की ऐकण्याची गरज संपली. आणि 'आयुष्य बदललं' हे शब्द तर अजिबात नकोत, कारण पंधरा मिनिटांत आयुष्य न बदललेल्या माणसाला उगाच आपल्यातच काही कमी आहे असं वाटतं.

ती मालिका २०१० सालची. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर संग्रहालयातल्या शंभर वस्तू घेऊन जगाचा इतिहास सांगतात. सिंधू संस्कृतीची मुद्रा तेराव्या क्रमांकावर, शेवटी सौरऊर्जेवर चालणारा दिवा. पहिल्यांदाच पॉडकास्ट ऐकणाऱ्याला द्यायला याच्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही. मात्र एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच हवी: या वस्तू लंडनला कशा पोचल्या? त्यावर मॅकग्रेगर फार वेळ रेंगाळत नाहीत. म्हणून याच्या जोडीला विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांच्या 'एम्पायर'मधले ईस्ट इंडिया कंपनीवरचे सुरुवातीचे भाग द्यावेत. एकटा भाग माहिती देतो. एकमेकांना खेटून ठेवलेले दोन भाग ऐकणाऱ्याला भांडायला लावतात, आणि माझ्या मते विचारप्रवर्तक म्हणायचं ते यालाच. आपलं मत आधीपासून जे होतं त्यावरच तासभर मान डोलवायला लावणारी मुलाखत कितीही गंभीर आवाजात असली, तरी ती करमणूकच.

याच कारणासाठी लेखक माल्कम ग्लॅडवेलचं, जुन्या घटना नव्यानं तपासणारं 'रिव्हिजनिस्ट हिस्टरी' सुचवताना थोडी सूचना द्यावी. तो इतकं छान सांगतो की पुराव्यात कुठं उडी मारली ते लक्षातच येत नाही. ऐकणाऱ्याला एवढंच काम द्यावं: उडी शोध. 'सीरियल'ची गोष्ट वेगळी. २०१४ सालच्या या १२ भागांच्या पहिल्या मालिकेत १९९९ मधल्या बाल्टिमोरच्या एका खुनाचा तपास आहे. खुनी कोण, हे कळेल या आशेवर ऐकणारा शेवटी चिडतो. शिवाय खटला पुढे चालतच राहिला: आरोपीची दोषसिद्धी २०२२ मध्ये रद्द झाली, नंतर ती पुन्हा लागू झाली. तेव्हा 'आठवण आणि साक्ष यांवर किती विसंबावं' या प्रश्नासाठी ऐक, असं सांगून द्यावं. आणि एका खऱ्या मुलीचा जीव गेलाय, हेही विसरू नये.

मराठीत आता भरपूर आहे, पण ते बहुतेक यूट्यूबवर. 'थिंक बँक'वर राजकारण आणि अर्थकारणाच्या मुलाखती, 'अमुक तमुक'वर मन, शरीर, नातेसंबंध. ऐकायला गेलं की अडचण अशी की पैसे न भरता यूट्यूबचं ॲप वापरलं तर पडदा बंद केल्याबरोबर आवाजही बंद. फोन खिशात टाकून चालायला निघालेला माणूस मग हैराण होतो. तोच भाग स्पॉटिफायवर आहे का हे आधी बघून तिथली लिंक पाठवावी. डेटाही वाचतो: साध्या बोलण्याची ६४ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट लागणारी फाइल तासाला २९ एमबीच्या आसपास जाते, चित्रफितीला त्याच्या कितीतरी पट लागतो. हिंदी चालत असेल तर धोरण आणि तंत्रज्ञानावर 'पुलियाबाजी' उत्तम. अवघड विषय चहाच्या टपरीवरच्या सुरात उलगडतात.

इंग्रजी उच्चारांची धास्ती असेल तर वेग ०.८ वर आणावा. त्याहून खाली आणला की वक्ता झोपेत बोलल्यासारखा वाटतो. अ‍ॅपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये २०२४ पासून इंग्रजी भागांचा लिखित मजकूर सोबत सरकतो, त्याचा फार उपयोग होतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी मात्र लिंक पाठवून थांबू नये. पाच भाग वायफायवर उतरवून द्यावेत आणि डाउनलोडची यादी कुठं उघडते ते दोनदा दाखवावं.

पाठवल्यावर 'ऐकलंस का?' असं विचारू नये. विचारलं की समोरचा घाईघाईनं दुप्पट वेगात ऐकतो आणि 'छान होतं' म्हणतो. आठ-दहा दिवसांनी गप्पांत तो विषय आपण काढावा. ऐकलं असेल तर तो भांडेलच.

आणि आपली यादी एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नये. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा ज्यांनी यादी वेळेत हलवली नाही त्यांची वर्षानुवर्षांची जमवाजमव गेली. अँटेनापॉड किंवा पॉकेट कास्ट्समधून ओपीएमएल नावाची फाइल काढता येते. ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकली की सगळी पॉडकास्ट्स तिथं येतात. पण त्या फाइलमध्ये फक्त कार्यक्रमांची नावं जातात, आवडलेले भाग आणि मिनिटं जात नाहीत. ती वेगळी लिहून ठेवावी लागतात.