खांदेरी : मुंबई बंदराच्या तोंडावरची खूण

दक्षिणेकडून मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे लागतात. त्यांपैकी खांदेरीच्या मोठ्या टेकडीवर 1867 साली बांधलेले अष्टकोनी दीपगृह असून ते पाहण्यासाठीच आम्ही अलिबागजवळच्या थळहून होडीने निघालो. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये येथे तटबंदीचे काम सुरू करताच मुंबईकर इंग्रजांनी गलबते पाठवून ते अडवण्याचा आटापिटा का केला, हे त्या टेकडीवर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. बंदराकडे जाणारे प्रत्येक जहाज येथून नजरेच्या टप्प्यात येते. दीपगृहासाठी इंग्रजांनी पुढे हीच टेकडी निवडली, यात मला थोडी गंमत वाटते. कुलाब्याच्या टोकापुढचे 1875 चे प्रॉन्ग्ज दीपगृह मात्र धुरकट हवेमुळे आम्हाला दिसले नाही.

तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा अजून आहेत. खाऱ्या वाऱ्याने गंजून त्यांचे पापुद्रे हाताला लागतात. बेटावरच्या एका मोठ्या शिळेवर छोट्या दगडाने ठोकले असता तांब्याच्या हंड्यावर टिचकी मारल्यासारखा नाद येतो. तो ऐकल्याशिवाय परतू नये. वेताळाच्या देवळाला कोळी बांधवांचा मोठा मान असल्याने तेथे चपला काढूनच जावे.

थळहून नियमित फेरीबोट नाही. होडी ठरवताना परतीची वेळ आणि बेटावर थांबण्याचा अवधी आधीच बोलून घ्यावा. आम्ही पौर्णिमेला गेलो, ही आमची चूक. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब होडीच्या तांडेलाने आम्हाला परतताना सांगितला. म्हणजे पौर्णिमेला, पंधराव्या तिथीला, भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. आम्ही नेमके तेव्हाच थळला पोहोचलो आणि होडी किनाऱ्याला लागेना म्हणून गुडघाभर चिखल तुडवत वर आलो. अशा उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवशी जायचेच असेल, तर सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत परतावे.

पावसाळ्यात हा बेत करू नये. पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि मनोऱ्यावर चढायचे असल्यास दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी. 2025 मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीत आल्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढण्याची शक्यता आहे. मधल्या वारी गेल्यास होडीही सहज मिळेल.