दोन संध्याकाळच्या सह्या

चार्टवर सही माझीच होती. गुरुवारी एक, शुक्रवारी एक.

मी इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये सीनियर केअरर आहे. सांगलीत नर्सिंग केलेलं, त्यामुळे गोळ्या देणं म्हणजे हातचा मळ, असं वाटायचं. इथे वॉर्फरिनच्या (रक्त पातळ ठेवणारं औषध) गोळीचा रंग ताकदीप्रमाणे ठरलेला असतो: तपकिरी १ मिलिग्रॅम, निळी ३, गुलाबी ५. आमच्या एका आजींना (इथे त्यांना सगळे नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून अजून निघत नाही) संध्याकाळी ६ वाजता ४ मिलिग्रॅम, म्हणजे एक निळी आणि एक तपकिरी. गुरुवारी त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी; आकडा जास्त तर रक्तस्रावाचा धोका जास्त) ३.८ आला. हवा होता २ ते ३ च्या मध्ये. क्लिनिकनं डोस ३ वर आणला, त्यांच्या वॉर्फरिनच्या नोंदींच्या पिवळ्या पुस्तिकेत लिहिलाही. पुस्तिका ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहिली. औषधांच्या ट्रॉलीवरच्या मार चार्टवर (नावच असं! दिलेल्या औषधांच्या नोंदीचा तक्ता) जुना ४ तसाच.

शनिवारी सहकारी ती पुस्तिका घेऊन ट्रॉलीपाशी आली, तेव्हा माझे पाय गार पडले. आधी आजींच्या खोलीत धावले. नाकातून, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर नवे काळेनिळे डाग नाहीत. मग १११ ला, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या सल्ला देणाऱ्या नंबरला, फोन. रक्तस्रावावर लक्ष ठेवा, सोमवारी आयएनआर करा, असं सांगितलं. मॅनेजरला कळवलं. रात्रभर डोक्यात एकच: व्हिसा याच नोकरीवर आहे.

मॅनेजरनं लेखी जबाब मागितला. मी दीड पान माफी लिहिली. तिनं परत दिला. "तुला किती वाईट वाटलं ते नको. सहा वाजता काय झालं ते लिही. चार्ट कुठे होता? कोणी मध्ये बोलावलं? त्या काही म्हणाल्या का?"

शेवटच्या प्रश्नाला मी अडले. म्हणाल्या होत्या. गुरुवारी तळहातावरच्या गोळ्या बघून विचारलं होतं, "दोन्ही?" डोस कमी झाल्याचं क्लिनिकच्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, "हो, रोजच्याच." शेजारच्या खोलीची बेल वाजत होती. हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

त्यांच्या मुलीला मॅनेजरनं त्याच रात्री फोन केला. झालेली हानी लपवायची नाही, स्पष्ट सांगून माफी मागायची, असं इथल्या आरोग्य आणि केअर सेवांसाठीच्या २०१४ च्या नियमावलीतला नियम २० सांगतो. इथे इजा झाली नव्हती, तरी तिनं सांगितलं. मुलगी चिडली. चिडणारच. सोमवारी आयएनआर ३.४ आला.

चौकशीत पुस्तिकेचा रस्ता शोधला गेला: कोणी घेतली, कुठे ठेवली, चार्ट बदलायचं काम नेमकं कोणाचं. उत्तर होतं, कोणाचंच ठरलेलं नाही. आता पुस्तिका चार्टलाच लावलेली असते, डोस बदलला की दोघींच्या सह्या. माझं औषध देणं मात्र बंद झालं. तीन फेऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली केल्यावर परत मिळालं. तेव्हा अपमान वाटला, खोटं कशाला सांगू.

परत ट्रॉली घेतली त्या संध्याकाळी आजींच्या तळहातावर एक निळी ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"एकच?"

मी पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा मागितला.